जंताची गोळी आणि बर्फाची वाटी

केळव्यात लग्न ठरलं की वरपक्षाची माणसं आधी चौकशी करायची, "धवले कोण गाणार?" उत्तर "लाडकीबाय" असं आलं की नवऱ्याचे मामा-काका गप्प व्हायचे आणि आपापले दोष आठवत बसायचे.

लाडकीबाय धवलारीण होती. हळद दळण्यापासून नवरी मांडवाबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीला म्हणायची गाणी म्हणजे धवले; ते तिला आईकडून मिळालेले होते आणि त्यात ती काडीचाही बदल करत नसे. पण विधी आटोपले, पंगती बसल्या, की व्याह्यांना चिडवायची गाणी सुरू व्हायची. ती तिला कोणी शिकवलेली नव्हती. समोरचा माणूस बघायचा आणि तिथल्या तिथं गाणं जुळवायचं. एकदा एका व्याह्यानं मिशीला पीळ देत उतरताना मोटारीचं दार जरा जास्तच जोरात लावलं. तो मांडवात टेकतो न टेकतो तोच लाडकीबायनं सूर लावला:

"व्याही आला बाई मोटारीनं, मोटार बाई उसनी,
कोट बाई भावाचा, टोपी आणली कुठनी?"

मोटार खरंच उसनी होती. कोटाचंही खरं निघालं. त्या माणसाला हसता हसता ठसका लागला, आणि पुढं आपल्या दोन्ही पोरींच्या लग्नाला त्यानं लाडकीबायलाच बोलावलं.

तिच्या घरात बरोबर उलटा मामला होता. नवरा तात्या, पानवेलींचा मळा करणारा, दिवसभरात चार शब्द बोलला तर त्यातले दोन वेलींशी बोलायचा. मुलगा प्रताप बोईसरच्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होता. तोही बापावर गेलेला. अंगणापलीकडच्या खोलीत तात्यांची थोरली बहीण राहायची, तिला सगळे माई म्हणत. माई बोलायची, पण फक्त चुका दाखवायला. म्हणजे घरातलं सगळं बोलणं, गाणं, हसणं आणि भांडणसुद्धा एकट्या लाडकीबायच्या अंगावर पडलेलं, आणि तिची त्याबद्दल तक्रार नव्हती.

१९९५च्या माघात शेजारच्या माहीमच्या एका लग्नात गाता गाता तिचा सूर मध्येच तुटला. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती मांडवाच्या खांबाला टेकून बसली. तिच्या मागं सूर धरणारी रखमा शहाणी, तिनं कोणाला कळायच्या आत पुढची ओळ उचलली. परतताना मात्र तिनं लाडकीबायला धारेवर धरलं. तेव्हा कळलं की चार महिने शौचाला रक्त पडतंय आणि बाई मूळव्याध समजून ताकात जिरं घालून पितेय.

"सांगितलं का नाय?" रखमा म्हणाली.

"लग्नसराईत काय सांगू? पंगतीत सांगायची गोष्ट हाय का ही?"

रखमानं घरी येऊन तात्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या मळ्यात जायच्याऐवजी धुतलेला सदरा घालून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. लाडकीबाय मुकाट्यानं मागं गेली.

पालघरच्या डॉक्टर चुरींनी पोट तपासलं, रक्त तपासलं आणि मुंबईला धाडलं. मुंबईच्या इस्पितळात नळी घालून आतलं बघितलं. मोठ्या आतड्यात गाठ होती. होळी झाल्यावर ऑपरेशन झालं, गाठ निघाली, आतडं जोडलं. सगळं नीट पार पडलं, फक्त आजूबाजूच्या लसग्रंथींमध्येही रोगाचा थोडा शिरकाव झालेला आढळला.

आता त्या काळी घराघरात एकच रीत: रोगाचं नाव रोग्याच्या कानावर पडू द्यायचं नाही. प्रतापनं ठरवून टाकलं की आईला "साधी गाठ" एवढंच सांगायचं. तो कॉटजवळ आला, तर लाडकीबाय टक्क जागी.

"कॅन्सर का रे?"

प्रताप वर ट्यूबलाइटकडे बघायला लागला.

"ट्यूबलाइटला नाय विचारलं मी."

प्रतापच्या डोळ्यांत पाणी आलं. लाडकीबायनं त्याचा हात धरला. मग म्हणाली, "गाठ काढली ना? मग ती तिकडं बरणीत, आणि मी इकडं. रडायचं असलं तर बरणीतलीनं रडावं."

आणि तिथून पुढं बाईला काय झालं ते तिचं तिलाच सांगता येईना. टाके ओढत होते, हातात सलाइन होतं, आणि पोटातून हसू वर येत होतं. आपण जिवंत आहोत ही गोष्ट तिला भलतीच गमतीची वाटायला लागली. चहा आला, तर चहा किती गरम. परिचारिकेची टोपी तिरकी, तर त्यावर दोन ओळी. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं हसून टाके दुखतात म्हणून तक्रार केली, तेव्हा कुठं लाडकीबायचा आवाज खाली आला.

टाके निघाल्यावर औषधांचं ठरवायला तिघांना बोलावलं. खोलीत दोन डॉक्टर. एक डॉक्टर कामेरकर, पिकल्या भुवयांचे, सावकाश बोलणारे. दुसऱ्या त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पारशी, बॉबकट केलेल्या, नाव डॉक्टर दारूवाला. नाव ऐकताच लाडकीबायनं पदर तोंडाला लावला.

"हसा, हसा," दारूवाला बाई म्हणाल्या. "सगळेच हसतात."

"नाय वो, बरोबर हाय. आमी दवादारूच म्हणतो."

मग कामेरकरांनी सांगायला सुरुवात केली. डोळ्यांना न दिसणारा रोग अंगात कुठं उरला असेल तर तो मारायला वर्षभर औषध घ्यायचं. मुख्य औषध फाइव्ह एफयू, ते शिरेतून. आधी पाच दिवस, मग काही दिवसांनी आठवड्यातून एकदा, वर्ष संपेपर्यंत. त्याच्या जोडीला लेव्हॅमिसोलच्या गोळ्या, दर पंधरवड्याला तीन दिवस.

प्रताप पहिल्यांदाच बोलला. "लेव्हॅमिसोल? डॉक्टर, ते तर जंताचं औषध. आमच्या कारखान्यातले केमिस्ट त्याचं नाव घेतात."

"जंताचंच," कामेरकर शांतपणे म्हणाले. "पण फाइव्ह एफयूबरोबर दिलं की हा रोग परतायचं प्रमाण कमी होतं, असं दिसून आलंय."

दारूवाला बाई म्हणाल्या, मुख्य औषध त्यांचंही तेच. जोडीदार फक्त वेगळा. त्याचं नाव ल्युकोव्होरिन, फॉलिक अ‍ॅसिड नावाच्या जीवनसत्त्वाच्या घरातला. तो स्वतः रोग मारत नाही, मारणाऱ्याचे हात बळकट करतो. महिन्यातून पाच दिवस ओळीनं सुया, असे सहा महिने, आणि संपलं.

यावर कामेरकर इंग्रजीत काहीतरी म्हणाले. दारूवाला बाईंनी इंग्रजीत उत्तर दिलं. दोन व्याही मानपानावरून तापावेत आणि तरी एकमेकांना आग्रहानं लाडू वाढत राहावेत, तसं ते चाललं होतं. लाडकीबाय या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत राहिली. अखेर तिला राहवेना.

"म्हणजे धवला तोच. मागं सूर कोणी धरायचा, एवढंच भांडण ना?"

दोघं थांबले. कामेरकरांच्या भुवया वर गेल्या आणि ते पहिल्यांदा हसले. "एवढंच," ते म्हणाले.

"मग सांगा, कुठल्यानं मी जगीन?"

मग कामेरकर म्हणाले, "नुसत्या ऑपरेशनपेक्षा दोन्ही बरी. त्या दोघांत सरस कुठलं, ते आज मला माहीत नाही, आणि या बाईंनाही नाही. दोन्हींची समोरासमोर तुलना परदेशात चालू आहे, पण तिचा निकाल अजून हाती आलेला नाही. माझ्या औषधाचा अनुभव जुना आहे, म्हणून माझा कल तिकडे. यांच्या औषधाचे आकडेही चांगले येतायत."

"आणि त्रास?"

"माझ्या औषधानं तोंडाला पत्र्यासारखी चव येते, मळमळतं, अंग दुखतं, कधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. यांच्या औषधानं जुलाब जास्त, आणि तोंड जास्त येतं."

"मला तोंड आलं तर अर्धं केळवं नारळ फोडील," लाडकीबाय म्हणाली. पण तिचं हसू जरा मागं सरलं होतं. तोंडावरच तर तिचं सगळं होतं. तिनं विचार करायला वेळ मागितला.

घरी येईपर्यंत बातमी गावात पोचलेली होती, आणि गावात दोन तट पडले. पिठाच्या गिरणीत, न्हाव्याकडं, देवळाच्या पायरीवर, जिथं बघावं तिथं जंतवाले आणि जीवनसत्त्ववाले. ज्यांना फाइव्ह एफयूचं नावसुद्धा धड घेता येत नव्हतं, ते जोडीदाराबद्दल छातीठोक बोलायचे. जंतवाल्यांची पुढारी माई. "पोटातला रोग, त्याला पोटातलंच औषध," ती म्हणायची, "जीवनसत्त्वं काय, शेवग्याच्या पाल्यात पण असतात." शेजारची प्रेमला आली ती पुरावाच घेऊन. तिच्या शेळ्यांना गुरांच्या दवाखान्यातून तेच औषध मिळालं होतं. "बघ ना, माझी काळी शेळी मरायला टेकली होती. आता गड्याच्या डोक्यावरून उडी मारते."

"मग मी पण मारीन," लाडकीबाय म्हणाली. "गडी कुठला ते तेवढं मी ठरवणार."

तेव्हापासून पोरं तिच्या कुंपणावरून बें बें करत जायची आणि लाडकीबाय आतून त्याहून मोठ्यानं बें करायची. तिनं दोन्ही तटांना खेळवलं. सकाळी जंतवाल्यांना आशा लावायची, दुपारी जीवनसत्त्ववाल्यांना. ओटीवर माणसं जमली की गायची:

"एक म्हणे जंताची गोळी, एक म्हणे नवी सुई,
दोघांच्या भांडणात बाई, माझा चहा थंड होई."

एवढं लक्ष तर तिच्याकडं तिच्या स्वतःच्या लग्नातही कोणी दिलं नव्हतं.

पण एका दुपारी पानं खुडता खुडता तिनं तात्यांना विचारलं, "तुमचं काय मत?"

तात्यांनी हातातली जुडी पूर्ण बांधली. "तोंड तुझं," ते म्हणाले. "तू ठरव."

ती मळ्याच्या बांधावर बसली आणि पहिल्यांदा न हसता विचार केला. वर्षभराचं औषध म्हणजे पुढची सगळी लग्नसराई त्यात जाणार. दर आठवड्याला सुई, तोंडात पत्र्याची चव, आणि त्या तोंडानं धवले. सहा महिन्यांचं घेतलं तर वैशाखात सुरू, आश्विनात खलास. मधल्या पावसात कोण लग्न करतं? तोंड येईना का. पावसाळ्यात तोंडाला कामच काय असतं? तुळशीचं लग्न लागेपर्यंत बरं झालं म्हणजे झालं. डॉक्टरांनाच जर दोन्हींत उजवं-डावं करता येत नाही, तर निवडीचा हक्क तिचा, आणि तिची सोय तिला ठाऊक.

दारूवाला बाईंना तिनं हेच सांगितलं. कामेरकरही तिथं होते. ते म्हणाले, "मुहूर्त बघून औषध ठरवणारा पेशंट मी पहिल्यांदा बघतोय. पण कारण चुकीचं नाही." आणि त्यांनीच डॉक्टर चुरींना फोन लावून सुया पालघरला देण्याची व्यवस्था करून दिली, म्हणजे दर वेळी मुंबईचा फेरा नको.

निघताना दारूवाला बाई म्हणाल्या, "एक गोष्ट करायची. सुईच्या जरा आधीपासून अर्धा तास तोंडात बर्फ ठेवायचा. विरघळला की दुसरा. तोंड गार राहिलं की औषध तिथं कमी पोचतं, आणि तोंड कमी येतं. अर्धा तास बोलायचं नाही."

प्रतापनं आईकडं बघितलं. तात्यांनीही बघितलं.

डॉक्टर चुरींच्या दवाखान्यात मागच्या बाजूला तीन खाटांची खोली होती. पारूताई नावाची परिचारिका स्टीलच्या वाटीत फ्रीजमधला बर्फ आणायची. पहिल्या दिवशी लाडकीबायनं विचारून घेतलं की यावर काला खट्टा घालता येईल का; चुरी नाही म्हणाले. मग बर्फ तोंडात गेला आणि खोलीत शांतता झाली.

ही शांतता तात्यांना सोसेना. समुद्राकाठच्या माणसाला लाटांचा आवाज ऐकू येत नाही, पण आवाज थांबला तर तो दचकून उठेल. तसं त्यांचं झालं. त्यांनी खाकरून घेतलं. भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. आणि मग त्यांच्या तोंडून आपोआप शब्द यायला लागले.

"तारापूरला अणूचं केंद्र बांधत होते तेव्हा मी तिथं कामाला होतो, ठाऊक हाय ना," तात्या म्हणाले. "तिथं एक गोरा साहेब होता. मी जेवून पान लावायला बसलो की तो येऊन बघायचा. एक दिवस म्हणाला, मला. मी म्हटलं घे. चुना जास्त झाला. साहेब आधी लाल झाला, मग पांढरा झाला, मग वाळूच्या ढिगाभोवती दोन चकरा मारून आला. मला वाटलं, गेली नोकरी. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीला बघतो, तर साहेब माझ्या आधी येऊन बसलेला, जीभ बाहेर काढून."

लाडकीबायच्या तोंडातला बर्फ सुटून थेट पारूताईच्या पायाशी पडला. तिनं दुसरा तुकडा तोंडात घातला आणि हातानं खूण केली: पुढं.

तात्या पुढं गेले. त्या पाच दिवसांत ते गेल्या तीस वर्षांत बोलले नव्हते इतकं बोलले. चौथ्या दिवशी त्यांनी सांगितलं की माहीमला चुलतभावाच्या लग्नात एका धवलारणीच्या पोरीनं त्यांच्या कानांवर गाणं केलं होतं, सुपासारखे कान म्हणून. "तीन दिवस मी कानाला मफलर गुंडाळून हिंडलो," तात्या म्हणाले, "आणि मग आत्याला सांगितलं, लग्न करीन तर त्याच पोरीशी. बाहेर राहिली तर गावभर गाईल. घरात आणलेली बरी."

हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, पत्रिका जुळल्या म्हणून लग्न झालं. अर्धा तास संपला, बर्फ संपला, तरी ती बोलेना. मग म्हणाली, "कान अजून तसेच हायत." आणि परतीच्या एसटीत सगळ्या रस्ताभर ती एकटीच हसत होती.

याच खोलीत तिची झिपरूशी ओळख झाली. झिपरू डोंगराकडच्या पाड्यातला, पण कारखान्यात लागल्यापासून बोईसरजवळच्या सालवडला राहायचा. उंच, काटक, मोजकं बोलणारा. त्याला हाच आजार, आणि त्याचं चालू होतं वर्षाचं औषध, जंताच्या गोळीवालं. तो दर मंगळवारी सुईला यायचा. लाडकीबायच्या पाच दिवसांत एक मंगळवार पडायचाच, आणि तेवढ्यात दोघं आपापल्या औषधांची उणीदुणी काढून घ्यायची, दोन सासुरवाशिणींनी विहिरीवर आपापल्या सासवांची काढावीत तशी.

"कसं लागतंय जेवण?" लाडकीबाय विचारायची.

"पत्रा," झिपरू सांगायचा. "भात खाल्ला तर पत्रा. सुका बोंबील खाल्ला तर बोंबील बांधलेला पत्रा."

"माझ्या तोंडाला फोड हाय एक. पण चव शाबूत हाय."

"माझे सांधे दुखतात. पण तोंड शाबूत हाय."

"जुलाब?"

"नाय."

"मला हायत. तुझा एक गुण वाढला."

"बाय, तुझं सहा महिन्यांत सुटेल ना," झिपरू म्हणायचा. "मला आणखी पुढच्या होळीपर्यंत यायचंय. तो गुण तुझा."

पारूताई म्हणायची की असा क्रिकेटचा सामना तिनं दवाखान्यात कधी बघितला नाही. चुरी येता-जाता स्कोअर विचारायचे.

श्रावणात मात्र सामना थांबला. चौथ्या महिन्याच्या सुयांनंतर लाडकीबायला जुलाब लागले ते थांबेनात. बर्फ धरूनही या वेळी तोंड आतून सोललं, पाण्याचा घोट गिळणं जड झालं. चुरींनी तिला दवाखान्यात ठेवून सलाइन लावलं, मुंबईला फोन केला, आणि पुढच्या सुयांचा डोस कमी करायचं ठरलं. भिंतीकडं तोंड करून ती पडून होती. चुरी नाडी बघायला आले तेव्हा तिनं ओठ न हलवता विचारलं, "जंताचं घेतलं असतं तर?"

चुरी स्टुलावर बसले. "हे झालं नसतं, कदाचित. दुसरं काहीतरी झालं असतं. त्या झिपरूच्या मागच्या महिन्यात पेशी घटल्या, त्याची सुई लांबवावी लागली, त्यानं तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही चुकीचं निवडलेलं नाही, लाडकीबाय. त्रास दोन्हीकडे आहे."

दुसऱ्या दिवशी माई आली. केळव्याहून एकटी, छत्री घेऊन. सगळ्यांना वाटलं, आता ही जंताच्या गोळीचं काढणार. माईनं डब्यातून पातळ पेज काढली, मीठ न घातलेली, कारण मीठ झोंबतं. चमचा चमचा भरवली. एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी लाडकीबायनं आख्खी वाटी संपवली तेव्हा म्हणाली, "सांडू नको. पदर कोण धुणार?" आणि लाडकीबायच्या सुजलेल्या ओठांना दुखत असूनही हसू आलं, कारण माईनं चूक काढली म्हणजे जग जागेवर आलं.

पाचवा महिना कमी डोसनं बरा गेला. सहावा आणखी बरा. शेवटच्या दिवशी, सुई झाल्यावर, तिनं वाटीतला उरलेला बर्फ पारूताईच्या पाठीत टाकला आणि दारूवाला बाईंना चुरींच्या फोनवरून गाणं ऐकवलं:

"दारूवाला बाईची दारू भारी कडू,
बाटली टांगली उलटी नि मला म्हणे, नको रडू."

फोनमधून दारूवाला बाईंचं हसणं बाजूच्या खाटेपर्यंत ऐकू आलं.

तुळशीचं लग्न लागलं आणि तिसऱ्याच दिवशी गावात मांडव पडला. लाडकीबायचे केस विरळ झाले होते, साडी दोनदा दुमडून नेसावी लागत होती. पहिल्या धवल्याला आवाज कापरा आला. रखमानं नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं मागचा सूर धरला आणि दुसऱ्या ओळीला लाडकीबायचा आवाज वर चढला. पंगती बसल्या तेव्हा सगळा वरपक्ष ताटावरून माना उचलून तिच्याकडं बघत होता, आपली पाळी कधी येते म्हणून. तिनं कोणालाच सोडलं नाही. नवऱ्याच्या एका काकाचं नाव राहून गेलं, तर तो स्वतः उठून विचारायला आला.

तपासण्या नीट येत गेल्या. पुढं काही वर्षांनी दारूवाला बाईंनी तिला सांगितलं की त्या मोठ्या तुलनेचे निकाल हाती आलेत, सहा महिन्यांचं औषध वर्षाच्या औषधाइतकंच चांगलं ठरलंय, आणि आता बहुतेक जण छोटंच देतात. केळव्यात जीवनसत्त्ववाल्यांनी पेढे वाटले. माईनं पेढा घेतला आणि साखर जास्त झाली म्हणाली.

पण त्याच्या आधी, ९६च्या उन्हाळ्यात, झिपरूची शेवटची सुई होती. लाडकीबाय आणि तात्या मुद्दाम पालघरला गेले. झिपरू दवाखान्यातून बाहेर आला, दोन मिनिटं रस्त्यावर नुसता उभा राहिला, हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. स्टेशनपलीकडच्या मैदानात जत्रेसारखी दुकानं लागली होती आणि मधोमध आकाशपाळणा होता.

"चला," लाडकीबाय म्हणाली.

"मी नाय," झिपरू म्हणाला. "चक्कर येते."

"वर्षभर आली, आज आणखी थोडी."

तिघं एका पाळण्यात बसले, लाडकीबाय मध्ये. पाळणा सुटला. पहिल्या फेरीत झिपरूनं डोळे मिटून घेतले आणि दांडा दोन्ही हातांनी धरला. दुसऱ्या फेरीत लाडकीबायचा पदर उडून तात्यांच्या तोंडावर गेला. तिसऱ्या फेरीत खाली माणसं चढवायला पाळणा थांबला आणि हे तिघं बरोबर शेंड्यावर अडकले, पाय अधांतरी. खाली रुळांवरून मालगाडी चालली होती, तिच्यापलीकडं ताडांची रांग, आणि वाऱ्यानं पाळणा झुलत होता.

"तो बघ दवाखाना," तात्या म्हणाले. "ती चुरींची स्कूटर. त्या तिकडं आपला रस्ता, केळव्याचा. आणि त्या झाडापलीकडं, ते दिसतंय का, त्याच्यावरून आठवलं, एकदा मी वलसाडच्या गाडीत चुकून बसलो होतो..."

"अवो, आता नको," लाडकीबाय म्हणाली. तिला हसण्यानं बोलता येत नव्हतं. "झिपरू, डोळे उघड."

"उतरल्यावर उघडतो."

"उतरल्यावर काय बघणार? उघड."

झिपरूनं एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि त्याच्याही पोटातून हसू यायला लागलं, आधी बारीक, मग दांडा हलेल इतकं. खालच्या पाळणेवाल्यानं वर बघून हात केला आणि पाळणा पुन्हा सुटला.